किशनराव पेंटरांचा जटावीर

औंढ्याला बदली होऊन आलो त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, नागनाथाच्या दाराशी, भर गर्दीत, मी एका मारामारीच्या पुस्तकाला नमस्कार केला.

चूक माझ्या एकट्याची नव्हती, असं मी अजूनही म्हणतो. देवळासमोरच्या दुकानांच्या रांगेत बेल, रुद्राक्ष, पेढे आणि पितळी नाग यांच्या मधोमध एक पत्र्याचं टेबल होतं आणि त्यावर पातळ पातळ पुस्तकं मांडली होती. मुखपृष्ठावर नागनाथाची पिंड, पिंडीवर फणा काढलेला नाग, मागे पिवळे किरण. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, त्यातलं एक उचलून माझ्या हातात दिलं. देवाचं पुस्तक हातात आल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. चपला काढल्या, डोळे मिटले, पुस्तक कपाळाला लावलं आणि तोंडातल्या तोंडात येईल ते स्तोत्र पुटपुटलो. डोळे उघडले तर टेबलामागचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मी त्याच्या म्हशीला हार घातला होता.

"साहेब," तो म्हणाला, "पाया नका पडू. फाडा."

"फाडू?"

"व्हय. कडा बंद हायेत त्याच्या. आत बोट घाला, टर्रकन फाडा, अन् वाचा. आत राक्षस हाय."

सुनंदानं पुस्तक माझ्या हातातून काढून पदराखाली घेतलं आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "देवाच्या दारात बसून फाडा म्हनतोय मानूस. चला ओ तुमी." त्या पुस्तकाला घरी गेल्या गेल्या हळदीकुंकू लागलं आणि ते देव्हाऱ्यात जाऊन बसलं. संध्याकाळी कळलं, की आम्ही ज्या घरात भाड्यानं उतरलो होतो त्याच्या शेजारच्या खोल्यांत हाच माणूस राहतो. नाव किशनराव. सगळा गाव पेंटर म्हणायचा.

पेंटर हा त्यांचा एके काळचा धंदा. औंढ्यापासून सेनगावापर्यंत ज्या ज्या दुकानावर पाटी होती ती त्यांच्या हातची. शाळांच्या भिंतींवरचे सुविचार त्यांचे, काळ्या-पिवळ्या जीपच्या पाठीवरचे वाघ आणि गरुडही त्यांचेच. मग फ्लेक्सचं यंत्र आलं. सकाळी फोटो द्या, दुपारी बैलगाडीएवढं तोंड छापून न्या. किशनरावांकडे ब्रश राहिला, हात राहिला आणि काम तेवढं गेलं. दुसरा एखादा दारूला लागला असता. किशनराव जटावीराला लागले.

जटावीर हा त्यांच्या चित्रकथांचा नायक. नागनाथाच्या गाभाऱ्याखाली एक भुयार आहे (किशनरावांच्या मते आहे, वाद घालायचा नाही), तिथं एका आंधळ्या पुजाऱ्यानं वाढवलेला हा पोरका गडी. संतापला की त्याच्या जटा वाढतात आणि चाबकासारख्या सपासप चालतात. त्याची मैत्रीण रखमा, पाथरवटाची लेक, घोड्यावरून हिंडणारी. आणि त्यांचा वैरी यंत्रासुर. या यंत्रासुराजवळ एक अक्राळविक्राळ यंत्र असतं. ते माणसांचे चेहरे शोषून घेतं आणि कापडावर छापून काढतं. मग त्या माणसांना घरचे लोक ओळखत नाहीत. यंत्रासुराची मिशी आणि बसायची ढब ही बसस्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याशी जुळते, हे त्यांच्या घरची मूळ चित्रं बघताना मी लगेच ताडलं आणि स्वतःवर खूश झालो. चौथ्या भागात यंत्रासुराचा दिवाणजी आला. तो भित्रा, पोट सुटलेला, खांद्याला पाण्याची बाटली अडकवलेला आणि दर प्रसंगी खड्ड्यात पडणारा. तोही कुणासारखा तरी दिसतोय एवढं जाणवलं. कोणासारखा ते कळायला मला आरशासमोर उभं राहावं लागलं.

"किशनराव, माझं पोट एवढं आहे?"

"चौकोनात जागा न्हवती साहेब," ते म्हणाले. "कमी करून काढलंय."

जटावीराला दूर कुठं जायचं झालं की तो सेनगावच्या जीपला मागे लटकून जायचा. मी म्हटलं, एवढा अवतारी पुरुष, त्याला उडता रथ द्या की. तर म्हणाले, "उडता रथ कुनी बघितलाय? जीप लोकायनं बघितलेली हाय. अन् लटकून जानं ह्यात काय कमी धाडस हाय व्हय?" मी स्वतः जीपमध्ये कायम आत बसायची जागा धरणारा, तेव्हा रथाचा विषय मी तिथंच सोडला.

देवाच्या बाबतीत त्यांचं एक पक्कं सूत्र होतं. सोमवार करायचे, रोज पहाटे दर्शनाला जायचे, भाग सुरू करताना नागनाथाला एक ओवी वाहायचे. पण कथेत देव कुठंही प्रकट होत नसे. एकदा कारण विचारलं. ब्रश धुता धुता म्हणाले, "देव आला की गोष्ट संपती साहेब. त्यानं नुसता हात वर केला की यंत्रासुर खल्लास. मग जटावीरानं करायचं काय? म्हनून देवाला मी कव्हरवर बसवलाय. आत येऊ देत न्हाई."

त्या बंद कडांचंही तसंच. हिंगोलीच्या छापखान्यात मोठा कागद छापून घड्या घालून शिवला जायचा. छापखानेवाला कडा कापून देतो म्हणायचा, हे कापू द्यायचे नाहीत. "लोक उभ्या उभ्या चाळून ठिवून देतेत. कुलूप असलं म्हंजे घरी नेऊन फोडावंच लागतंय." चाकूनं कड उघडायची आणि यंत्रासुर बाहेर यायचा, अशी त्यांची कल्पना. बोलणंही तसंच कुलूपबंद. ओट्यावर गप्पा रंगल्या की मध्येच उठायचे, "पण तेवढ्यात…" एवढं म्हणायचे आणि घरात निघून जायचे. मग आम्ही आपलं बसून राहायचं. बाजारात भाजीवालीशीसुद्धा असंच. तिनं एकदा ओरडून सांगितलं, "पेंटर, तेवढ्यात बिवड्यात काय न्हाई, कोथिंबीर घ्यायची का ठिवायची ते बोला!"

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मोठा आनंदी माणूस असेल. तसा वरवर होताच. पण त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिच्याबरोबर एक गोष्ट गेली होती. ती निरक्षर. ते चित्रं काढता काढता तिला वाचून दाखवायचे आणि ती भाकरी थापता थापता विचारायची, "मग?" किशनरावांनी मला हे एकदाच सांगितलं. "तिच्या त्या 'मग'वर पुढचं पान निघायचं. आता पान काढतो, पर इचारनारं कुनी न्हाई. एका मानसानं यावं अन् इचारावं, मग पुढं काय झालं? त्या दिवशी मी शेवटचा भाग काढतो. सगळा डोक्यात तयार हाय. पर कुनी इचारल्याबिगर काढनार न्हाई."

मी उत्साहानं म्हणालो, "हा मी विचारतो."

"तुमी न्हाई. तुमी शेवटचं पान आधी वाचता. मी बघितलंय."

हे खरं होतं. मला ती सवय आहे. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मी आधी जेवणाची वेळ बघतो. असो. मी बाद झालो.

पुस्तकं खपत नव्हती असं नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत टेबल रिकामं व्हायचं. दुखणं वेगळंच होतं आणि ते मला पिंपळाच्या पारावर समजलं. आपल्याकडे देवाच्या जुन्या तसबिरी, फुटक्या फ्रेमा, गेल्या वर्षीची कॅलेंडरं कचऱ्यात टाकत नाहीत, पारावर आणून ठेवतात. जत्रा उलटली की किशनराव मला घेऊन तिथं जायचे आणि त्या ढिगात आपली पुस्तकं हुडकायचे. सापडायची. हळदीकुंकवानं भरलेली, उदबत्तीनं डागाळलेली, तेलाचे ठिपके पडलेली. ते प्रत्येक पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. कड बंद. दुसरं घ्यायचे. बंद. "फुटलेलं न्हाई," एवढंच म्हणायचे आणि पुस्तक होतं तिथं नीट ठेवून द्यायचे.

तरी आशा चिवट. "शहरातले लोक कामात असतेत," ते म्हणाले, "खेड्यातले वाचत असतील." सुनंदाची मावशी हट्टा नावाच्या गावात राहते. तिच्याकडे बारसं होतं, तर हेही आमच्याबरोबर निघाले. मावशीकडे जटावीराचे सगळे भाग आहेत असं सुनंदाच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं. धुतलेला सदरा, केसांना तेल. जीपमध्ये मला दोनदा विचारलं, "मावशी तापट न्हाईत ना? काही चुकलं असंल तर तोंडावर सांगतील का?"

मावशीनं खरोखर लाल फडक्यातून सगळे भाग काढले. "बघा, एक बी चुकवला न्हाई. दर शिवरात्रीला नवा आनते."

किशनरावांचा आवाज बदलला. "मग मावशी, त्या आंधळ्या पुजाऱ्याचा चेहरा पळवला, तवा कसं वाटलं तुमाला?"

"कुनाचा चेहरा?"

"पुजाऱ्याचा. आत. तिसऱ्या भागात."

"आत काय हाय ते मला काय ठाव बापा? पोथी हाय ती. सोमवारी फूल वाहते, दिवा लावते."

किशनरावांनी कडांवरून अंगठा फिरवला. सगळ्या बंद. मग एकदम लहान पोरासारखे म्हणाले, "मावशी, चाकू द्या. एक फोडतो. एकच. वाचून दाखवतो."

"अगो माय! देवाला चाकू लावता?"

"मीच लिवलंय मावशी ते."

"तुमी लिवलं म्हनून काय झालं? लेकरू जल्माला घातलं म्हनून त्याला कापता व्हय?" असं म्हणून मावशीनं भाग परत फडक्यात बांधले. आणि वर, ज्यानं पोथी लिहिली तो पुण्यवान माणूस दारात आला म्हणून वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. किशनराव हात वर धरून तसेच उभे होते. पोलिसानं पकडलेला माणूस असा उभा राहतो. परतीच्या वाटेवर जीपवाला मागं वळून म्हणाला, "काका, तुमच्या पुस्तकामुळं आमच्या आईचा गुडघा बरा झाला." किशनरावांनी नुसती मान हलवली.

पुढच्या शिवरात्रीला त्यांनी देवाला कव्हरवरून उतरवलं. नव्या भागाच्या मुखपृष्ठावर नुसता जटावीर, घोड्यावर रखमा आणि धूर ओकणारं यंत्र. त्यांनी काढलेलं ते सर्वांत देखणं चित्र होतं, हे माझ्यासारख्या दिवाणजीलाही कळलं. जत्रा भरली. लोक टेबलापाशी यायचे, बघायचे, पुढं जायचे. एका बाईनं विचारलं, "देव कुठं हाय ह्याच्यात?"

"हाय की. सगळीकडं हाय," किशनराव म्हणाले.

"मग दिसत काहून न्हाई?" असं म्हणून तिनं शेजारून पितळी नाग घेतला. तो विकणारा रुद्राक्षवाला हळहळला. "पेंटर, कोपऱ्यात एखादी घंटा तरी काढायची राव."

एक प्रत मात्र गेली. पांढऱ्या कपड्यांतल्या, गावात वजन असलेल्या एका गृहस्थांनी ती नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. मी तिथंच होतो. कडा सगळ्या उघडलेल्या. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

"हे काय आहे?" ते कडाडले. "देवाच्या भुयारात लाथाबुक्क्या? पोरगी घोड्यावर? ही विटंबना चालवलीय तुम्ही?"

किशनराव ताडकन उठले. तोंडावर असा आनंद, की मला भीती वाटली. "तुमी वाचलं?"

"अक्षर न् अक्षर वाचलंय!"

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत! म्हणून तर आलोय."

"बसा. बसा ना. चहा घ्या. मग शेवटाला ती रखमा इहिरीत पडती, अन् वर दगड लोटतेत, तिथं… पुढं काय व्हईल वाटतंय तुमाला?"

"पुढं काही होणार नाही," ते गृहस्थ म्हणाले. "हे टेबल उद्यापासून इथं दिसता कामा नये."

मी मध्ये पडायला म्हणून पुढं झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही! सरकारी नोकर असून यात चित्रं काढून घेता?" माझं मध्ये पडणं तिथंच आटोपलं. टेबल दुसऱ्या दिवशी उचललं. शेजारपाजारच्या दुकानदारांनी नजर चुकवली. त्यांना तिथंच पोट भरायचं होतं. त्यांना काय बोलणार?

किशनरावांनी त्या सगळ्या प्रतींवर पिंडीचं जुनं कव्हर डकवलं. महिनाभर खळीचा वास आमच्या घरात येत होता. "देवाला परत बोलावलंय," म्हणाले. "घरोघर जाऊन इकतो." पण घरोघर जाणं झालं नाही. चैत्रात एके सकाळी अंघोळीला उठले ते पडले, आणि उजवी बाजू गेली. जीभ सुधारली थोडी, हात नाही सुधारला. त्याच सुमारास माझी हिंगोलीला बदली झाली, पण मी अधूनमधून जायचो. ते खाटेवर बसून असायचे आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एक एक करून सरळ करायचे. सोडली की ती परत मिटायची. सुनंदा शिरा करून न्यायची, नागनाथाचा अंगारा लावायची. पुस्तकांचे गठ्ठे खाटेखालीच होते. तिनं त्यांनाही फूल वाहिलं होतं.

उन्हाळ्यात पुण्याचा मुलगा, संजय, त्यांना न्यायला आला. पोरगं चांगलं, पण सुट्टी थोडी आणि घर रिकामं करायचं. त्यानं गठ्ठे रद्दीला काढले. रद्दीवाले गफूरचाचा काटा घेऊन आले, गठ्ठा उलगडला आणि काटा परत पिशवीत घातला. "बेटा, इसपे देव है. मैं नै तोलता. कल कोई कुछ बोला तो जवाब कौन देगा?"

"बाबा, मग नदीत सोडू?" संजयनं विचारलं. किशनराव खिडकीबाहेर बघत होते. "सोड," म्हणाले.

त्यांना घेऊन निघालेली जीप हिंगोलीच्या अलीकडे कयाधू नदीच्या पुलापाशी थांबली. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं होतं. मी आणि संजय गठ्ठे घेऊन खाली उतरलो. नदी म्हणजे वाळूत एक ओघळ. गठ्ठे बुडेनात. संजयनं पायानं दाबले, मग पाय लागला म्हणून घाबरून हात जोडले, मग पुन्हा दाबले. मी एक प्रत उचलली, पाणी झटकलं आणि वर आलो.

"किशनराव," मी म्हणालो, "आता तरी सांगा. रखमाचं पुढं काय होतं?"

त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली. "साहेब, गोष्टीसाठी इचारून राहिलात, का माझ्यासाठी?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. जमलं नाही. संजय येऊन बसला, जीप सुरू झाली. त्यांचा तो मिटलेला हात सीटबेल्टखाली अडकला होता, तो संजय सोडवत होता. पूल ओलांडेपर्यंत मागच्या सीटवरून मला त्यांचं डोकं दिसत होतं, आणि ते नदीकडे वळलं नाही.

घरी ती ओली प्रत देव्हाऱ्यात ठेवायला गेलो तर सुनंदानं हात धरला. "इसर्जन केल्यालं परत देवात ठिवत न्हाईत. त्यातला देव गेला आता. नुसता कागद हाय तो." मग तिनं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत टाकली, वर मिठाची बरणी ठेवली. तिथंच ती राहिली.

श्रावणात संजयचा फोन आला. किशनराव गेले. झोपेतच गेले, तकलीफ झाली नाही, म्हणाला. सुनंदानं चहा केला, तो तसाच गार झाला. दुपारी मी बाहेरून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात विळीसमोर बसली होती. भाजी अर्धी चिरलेली, बाजूला सारलेली, आणि विळीच्या पात्यावर ती एकेक कड लावून पान उघडत होती. ती ओठ हलवत वाचत होती. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. एका पानापाशी ती पदर तोंडाला लावून थांबली, मग पुढचं पान उघडलं. शेवटचं पान आल्यावर तिनं ते उलटून बघितलं, पाठकोरं होतं. पुन्हा उलटलं. मग वर माझ्याकडे बघून म्हणाली,

"अवं, ती रखमा इहिरीतच हाय की अजून. अन् पानी चढून राहिलंय. आता तिला वर कोन काढनार?"